मराठी मजकूर बिघडला? एक्सेलपासून डेटाबेसपर्यंत काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

सोसायटीची सभासद यादी असो, विभाग कार्यालयातून आलेली तक्रारींची फाइल असो की डिलिव्हरी ॲपमधले पत्ते, तक्रार एकाच वाक्यात येते: ‘मराठी नीट दिसत नाही.’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. नक्की काय दिसतंय ते कळलं की अर्धं निदान झालं. बिघाडाचं रूप पाहून मजकूर कुठे बिघडला हे बहुतेक वेळा सांगता येतं, आणि तो परत मिळेल की कायमचा गेला हेही.

त्याआधी एक काम करा. बिघडलेली फाइल एक्सेलमध्ये उघडी असेल तर सेव्ह न करता बंद करा. ‘बदल सेव्ह करायचे का’ या प्रश्नाला ‘नाही’. मग मूळ फाइलची प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. दुरुस्त होऊ शकणाऱ्या फाइली कायमच्या जातात त्या बहुतेक या एका ‘हो’ मुळे.

लक्षणं

रिकामे चौकोन. प्रत्येक अक्षराच्या जागी डबी. डेटा शाबूत आहे, फॉन्टमध्ये अक्षरं नाहीत.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ‘ए’, त्यामागे ¤ किंवा ¥, मग आणखी एखादं चिन्ह, आणि हीच माळ पुन्हा पुन्हा. डेटा शाबूत आहे, वाचणाऱ्याने चुकीच्या पद्धतीने वाचला. दिसायला सगळ्यात भयंकर, दुरुस्तीला सगळ्यात सोपं.

ओळीने प्रश्नचिन्हं. ‘मुंबई’च्या जागी ????? दिसलं तर त्या प्रतीत मुंबई उरलेली नाही. प्रश्नचिन्हाला प्रश्नचिन्हाशिवाय दुसरं काही आठवत नाही.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, म्हणजे �. वाचताना काही बाइट न कळल्याने टाकून दिलेले आहेत. मूळ फाइल असेल तर ठीक, हीच प्रत उरली असेल तर तेवढी अक्षरं गेली.

रोमन अक्षरं, कंस आणि विरामचिन्हांची खिचडी, पण वरच्यासारखी ठरावीक माळ नाही. ही श्रीलिपी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फॉन्टमधली फाइल असते.

उलटी तिरकी रेघ, ‘यू’ आणि चार अंक, किंवा टक्केचिन्हांची रांग. बिघाडच नाही. जेसन आणि वेबपत्ते मराठी असंच गुंडाळून पाठवतात, उलगडलं की अक्षरं जशीच्या तशी. पायथनमधून जेसन लिहिताना ‘एन्शुअर-ॲस्की’ फॉल्स करा आणि पुढे चला.

मराठी अगदी नीट दिसतं, पण शोधलं तर सापडत नाही, किंवा गटवारीत एकच ठिकाण दोनदा येतं.

फक्त मराठी भाषा लावलेल्या फोनवर ॲप बंद पडतं, तारीख सर्व्हरला जात नाही, नकाशा उघडत नाही.

आलेखात किंवा पीडीएफमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात.

पहिली तपासणी: तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा

एक मिनिट, खर्च शून्य. सीएसव्हीवर (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये किंवा व्हीएस कोडमध्ये उघडा. मराठी नीट दिसलं तर फाइल चांगली आहे आणि दोष एक्सेलच्या वाचनात आहे. खालच्या पट्टीत उजवीकडे एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीचं, नावही दिसतं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅडही ते दाखवतो. तिथे यूटीएफ-८ लिहिलेलं हवं.

ही तपासणी सगळ्यात आधी करायची, कारण पुढचे सगळे उपाय ‘फाइल चांगली, वाचन वाईट’ आणि ‘फाइलच वाईट’ या दोन वाटांनी जातात. वाट चुकली तर चांगली फाइल दुरुस्त करायला जाऊन बिघडवाल. ते रोज घडतं.

एक्सेल असं का वागतं? सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की फाइलच्या सुरुवातीला ओळखचिन्ह नसल्यास एक्सेल विंडोजचं जुनं ठरलेलं कोडपेज, म्हणजे बाइट आणि चिन्हांचा तक्ता, धरतं. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ते १२५२ असतं, युरोपीय भाषांचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘मुंबई’ डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पण संगणकाला ती पाच चिन्हं आहेत: म, उकार, अनुस्वार, ब, ई. म्हणजे पंधरा बाइट. ‘म’चे तीन बाइट सोळाच्या अंकपद्धतीत ई०, ए४, एई. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट ई० आणि दुसरा ए४ किंवा ए५ असतो. १२५२ मध्ये ई० म्हणजे तो तिरक्या रेघेचा ‘ए’, ए४ म्हणजे ¤ आणि ए५ म्हणजे ¥. वरची माळ येते ती इथून. एकदा ओळखली की पुढच्या वेळी लांबूनही कळते.

दुसरी तपासणी: एक्सेलला फाइल नीट वाढा

डबल क्लिक करू नका. रिकामी वर्कबुक उघडा, ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, फाइल निवडा, आणि वर ‘फाइल ओरिजिन’च्या यादीतून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, घ्या. झलक लगेच सुधारते. याच खिडकीत ग्राहक क्रमांक, खाते क्रमांक असे रकाने ‘टेक्स्ट’ करून टाका. एक्सेल पंधरा अंकांपलीकडचे अंक शून्य करतं आणि सुरुवातीची शून्यं खातं. या तक्रारीबरोबर ती तक्रार हमखास जोडून येते.

फाइल तुमच्याच पांडाज (पायथनची डेटा हाताळणारी लायब्ररी) कोडमधून निघत असेल तर ‘टू-सीएसव्ही’ला एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या. त्याने फाइलच्या तोंडाशी ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट लागतात आणि एक्सेलला डबल क्लिकवरही कळतं. तोटा एवढाच की अशी फाइल पायथनच्या साध्या सीएसव्ही मॉड्यूलने यूटीएफ-८ म्हणून वाचली तर पहिल्या रकान्याच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटतं. मग ‘नाव’ हा रकाना समोर दिसत असूनही ‘असा रकाना नाही’ अशी एरर येते. वाचतानाही यूटीएफ-८-सिग द्या. चिन्ह असो वा नसो, दोन्ही चालतं.

माणसाला द्यायची फाइल असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: सीएसव्ही देऊच नका, एक्सएलएसएक्स द्या. त्या फाइलच्या पोटात एन्कोडिंग लिहिलेलं असतं, हा प्रश्नच उरत नाही.

आता सापळा. एक्सेलच्या ‘सेव्ह ॲज’ यादीत एकाहून जास्त सीएसव्ही असतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचा. साधा ‘सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड’ निवडला तर कोडपेजात न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. समोरच्या पडद्यावर मराठी तसंच राहतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. फाइल पुन्हा उघडल्यावर कळतं, तेही बहुधा मेल पाठवून झाल्यावर.

तिसरी तपासणी: पायथनच्या एररला गप्प कोणी केलं?

पांडाजने ‘यूटीएफ-८ डिकोड करता येत नाही’ म्हटलं की इंटरनेटवरचं पहिलं उत्तर असतं: एन्कोडिंग लॅटिन-१ द्या. दिलं की एरर जाते आणि सगळे खूश. लॅटिन-१ मध्ये २५६ पैकी प्रत्येक बाइटला काही ना काही चिन्ह नेमलेलं आहे, त्यामुळे ते कधीच तक्रार करत नाही. चपलेचा फोटो दिला तरी मजकूर म्हणून वाचेल. एरर गेली म्हणजे वाचन बरोबर झालं असं नाही. ‘एरर्स इग्नोर’ त्याहून वाईट, कारण ते न कळलेले बाइट आवाज न करता गाळतं आणि यादीतून काना-मात्रा गायब होतात.

त्याऐवजी एरर वाचा. शून्याव्या जागी एफएफ बाइट असल्याचं म्हणत असेल तर फाइल यूटीएफ-१६ आहे. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ ने फाइल काढली की अशीच निघते. एन्कोडिंग यूटीएफ-१६ द्या, झालं. विंडोजवर पायथनचं ‘ओपन’ एन्कोडिंग न देता वापरलं असेल तर तेही १२५२ धरू शकतं, म्हणून प्रत्येक ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग लिहायची सवय ठेवा. रिक्वेस्ट्स लायब्ररीने वेबवरून मजकूर आणताना सर्व्हरने कॅरेक्टर सेट सांगितला नसेल तर ती साध्या टेक्स्टला लॅटिन-१ समजते. मजकूर घेण्याआधी प्रतिसादाचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा.

माळ आधीच डेटात मुरली असेल, म्हणजे कोणीतरी चुकीचं वाचून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलं असेल, तर उलटी फिरकी द्यावी लागते: १२५२ मध्ये एन्कोड, यूटीएफ-८ मध्ये डिकोड. पुस्तकात हे एका ओळीत होतं. देवनागरीला नाही होत. १२५२ मध्ये पाच बाइट रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. दुर्दैवाने पहिला उकार आणि चंद्रबिंदू ८१ वर संपतात, पायमोड ८डी वर, ए ८एफ वर, ऐ ९० वर आणि झ ९डी वर. लॅटिन-१ ने फिरवावं तर अनुस्वाराचा ८२ अडतो, कारण चुकीच्या वाचनात त्याचं झालेलं चिन्ह लॅटिन-१ मध्ये नाही. एकट्या ‘मुंबई’ शब्दात उकारही आहे आणि अनुस्वारही, म्हणजे दोन्ही उपाय त्याच शब्दावर आपटतात. एफटीएफवाय ही पायथन लायब्ररी लावा. तिच्यात ‘स्लॉपी विंडोज १२५२’ नावाचा कोडेक आहे, जो या पाच रिकाम्या जागांसह उलटा फिरतो. पायमोड आणि उकार गायब झालेला ‘दुरुस्त’ डेटा कोणी दिला तर त्याने हे पाच बाइट वाटेत सांडले आहेत एवढं समजा आणि मूळ फाइल मागा.

चौथी तपासणी: फॉन्ट आणि मांडणी

आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या पायथन लायब्ररीचा ठरलेला फॉन्ट डेजाव्हू सॅन्स, त्यात देवनागरी नाही. म्हणून चौकोन, आणि टर्मिनलमध्ये ‘ग्लिफ २३५० मिसिंग’ अशी सूचना. २३५० म्हणजे ‘म’चा क्रमांक. विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल, लिनक्सवर नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित द्या. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट मोफत आहे आणि आलेखाच्या लहान अक्षरांतही वाचायला बरा पडतो.

चौकोन गेले तरी ‘किती’ची पहिली वेलांटी क च्या उजवीकडे आणि ‘क्षेत्र’ फुटलेलं दिसलं तर फॉन्ट बदलत बसू नका. अक्षरं कोणत्या क्रमाने मांडायची हे फॉन्टपेक्षा वेगळं काम आहे, शेपिंगचं, आणि मॅटप्लॉटलिबचं नेहमीचं चित्रण बहुतेक आवृत्त्यांत ते करत नाही. एमपीएलकैरो बॅकएंड लावा, किंवा आलेख प्लॉटलीत काढा. तो ब्राउझर रंगवतो आणि ब्राउझरला मराठी येतं. चित्रांवर मजकूर लिहिणाऱ्या पिलो लायब्ररीत ‘राक्म’ हा शेपिंगचा भाग बसवलंय का ते बघा. पीडीएफ बनवणाऱ्या एफपीडीएफ-२ मध्ये टेक्स्ट शेपिंग चालू करावं लागतं, आपोआप होत नाही.

अँड्रॉइडवर चौकोन क्वचित येतात, कारण देवनागरी फॉन्ट फोनमध्ये असतो. तिथे उकार आणि रफार कापले जातात. डिझायनरने इंग्रजी मजकुरावर ओळीची उंची ठरवलेली असते आणि फॉन्टचं पॅडिंग बंद केलेलं असतं. ते चालू करा, उंची मोकळी सोडा.

पाचवी तपासणी: दिसतं एक, आहे दुसरं

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण डोळा मदत करत नाही. या लेखातला ‘ॲप’ हा शब्दच घ्या. तो तीन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ॲ हे एकच चिन्ह, क्रमांक ०९७२. दुसऱ्यात अ आणि त्यावर अर्धचंद्र. तिसऱ्यात अ, मग अदृश्य जोडचिन्ह २००डी, मग अर्धचंद्र. पडद्यावर तिन्ही सारखे दिसू शकतात. संगणकाला तीन वेगळे शब्द. युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे समान रूपं एका साच्यात आणणाऱ्या ठरलेल्या पद्धतीने, हे एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ते समान नाहीतच.

‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’ मधल्या र चंही तसंच. एक रूप ०९३१ क्रमांकाच्या ऱ ने लिहिलेलं, दुसरं साधा र, पायमोड आणि २००डी लावून. तिसरं र खाली नुक्ता देऊन. यांतलं नुक्त्याचं रूप एनएफसी ऱ मध्ये आणतं, २००डी चं आणत नाही. कोणत्या कीबोर्डवर टाइप झालं त्यावर रूप ठरतं, त्यामुळे दोन ऑपरेटरांनी भरलेल्या यादीत एकच आडनाव दोनदा येतं आणि दोघंही शपथेवर सांगतात की बरोबर टाइप केलंय. केलेलंही असतं.

शंका आली की दोन्ही शब्दांची लांबी मोजा. लांबी वेगळी तर आत काहीतरी आहे. लांबी सारखी पण तुलना खोटी, तर पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने प्रत्येक चिन्हाचं नाव छापा. दोन मिनिटांत चोर सापडतो. नेहमीचे चोर असे: विसर्गाऐवजी कोलन टाकलेलं ‘दु:ख’, आ ऐवजी अ आणि काना, शून्याऐवजी लाघवचिन्ह, वेबपानावरून चिकटवताना आलेली न तुटणारी मोकळी जागा, क्रमांक ००ए०. ही शेवटची एक्सेलच्या ‘ट्रिम’ला जात नाही, पायथनच्या ‘स्ट्रिप’ला कडेची जाते.

दुरुस्ती एका फंक्शनमध्ये ठेवा आणि डेटा आत येतानाच चालवा: आधी एनएफसी, मग ॲ ची तिन्ही रूपं एकात, मग र-पायमोड-२००डी चं ऱ-पायमोड, मग मोकळ्या जागा. २००डी सरसकट काढून टाकायचा मोह होतो. र चं रूपांतर होण्याआधी तो काढलात तर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, आणि दऱ्याखोऱ्यांतला माणूस समुद्रात जातो. क्रम पाळा.

‘एच/पूर्व’, ‘एच-पूर्व’, ‘एच पूर्व’ अशी एकाच पालिका विभागाची तीन रूपं, हे मात्र एन्कोडिंगचं दुखणं नाही. शीव आणि सायन, विलेपार्ले आणि विलेपारले, जुन्या फाइलीतलं एल्फिन्स्टन रोड आणि २०१८ नंतरचं प्रभादेवी, यांना कोणतंही सामान्यीकरण एक करणार नाही. त्यासाठी हाताने केलेलं नावांचं कोष्टक लागतं. ते एकदा नीट करा आणि जपून ठेवा.

क्रमवारीचं थोडक्यात: चिन्हांच्या क्रमांकाने लावली तर ॲ ने सुरू होणारं ‘ॲन्टॉप हिल’ ‘हिंदमाता’च्याही मागे जातं, आणि ळ हा ल आणि व च्या मध्ये येतो. मराठी क्रम हवा तर जावास्क्रिप्टमध्ये कोलेटरला ‘एमआर’ सांगा, पायथनमध्ये पायआयसीयू वापरा.

सहावी तपासणी: फोनची भाषा मराठी करून बघा

‘माझ्या फोनवर चालतं’ हे वाक्य या बिघाडात खरं असतं, कारण डेव्हलपरचा फोन इंग्रजीत असतो. हिंदीत करून बघितलं तरी दोष सापडत नाही. भाषांच्या सामायिक नोंदींमध्ये, म्हणजे सीएलडीआरमध्ये, हिंदीचे ठरलेले आकडे इंग्रजी आहेत, मराठीचे देवनागरी. अँड्रॉइड त्याच नोंदी वापरतं.

म्हणून स्ट्रिंग-फॉरमॅट लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, न देता वापरलं की मराठी फोनवर देवनागरी आकडे निघतात. पडद्यावर ते छान दिसतात. पण तीच स्ट्रिंग सर्व्हरला तारीख म्हणून गेली, नकाशाच्या पत्त्यात १९.०७ आणि ७२.८७ म्हणून गेली किंवा एसक्यूएल ओळीत चिकटली तर समोरचा ती नाकारतो. गंमत अशी की कॉटलिनमध्ये डॉलरचिन्हाने स्ट्रिंगमध्ये घातलेला आकडा इंग्रजीच राहतो. त्यामुळे एक स्क्रीन चालते, दुसरी पडते आणि शोधणारा चक्रावतो.

नियम सरळ आहे. यंत्राला जाणाऱ्या प्रत्येक फॉरमॅटला लोकेल-रूट द्या, माणसाला दिसणाऱ्याला फोनचं लोकेल. सिंपल-डेट-फॉरमॅटलाही हाच नियम. अँड्रॉइड स्टुडिओ ‘डिफॉल्ट लोकेल’ नावाची सूचना देतो, ती पिवळी रेघ दाबून टाकू नका. दोष बहुतेक वेळा त्याच ओळीत असतो. आयफोनवर ठरलेल्या साच्याच्या तारखेला ‘ईएन-यूएस-पॉसिक्स’ लोकेल लागतं. फ्लटरच्या इंटल पॅकेजमध्ये तारखेचे आकडे भाषेनुसार बदलतात, ते बंद करण्याची सोय ‘यूज नेटिव्ह डिजिट्स’ या नावाने आहे. जावास्क्रिप्टमध्ये मराठी लोकेल ठेवून इंग्रजी आकडे हवे असतील तर ‘एमआर-आयएन’पुढे ‘यू-एनयू-लॅटन’ जोडा.

उलट दिशेनेही बघा. वापरणाऱ्याने पिनकोडच्या चौकटीत ‘४०००७०’ असं देवनागरीत टाइप केलं तर? पायथनचं ‘इंट’ ते बिनतक्रार घेतं, जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ घेत नाही. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं ‘डी’ देवनागरी अंकांना अंक मानतं, जावास्क्रिप्टमधलं मानत नाही. म्हणजे सर्व्हर आणि ॲप दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि पत्ता मात्र अडकलेला. आत येतानाच दहा अंकांचं रूपांतर करून टाका.

मजकूर कापण्याबद्दल दोन शब्द. ‘विद्यार्थी’ डोळ्याला तीन अक्षरं, आत दहा चिन्हं, तीस बाइट. दहाच्या मर्यादेत बसणारा हा शब्द ओरॅकलच्या वीसच्या रकान्यात बसत नाही, कारण तिथे मर्यादा मुळात बाइटमध्ये मोजली जाते. नाव कापायचं असेल तर सबस्ट्रिंगने नको. शेवटी लोंबणारा पायमोड राहतो. फ्लटरमध्ये कॅरेक्टर्स पॅकेज, जावास्क्रिप्टमध्ये सेगमेंटर, अँड्रॉइडमध्ये ब्रेक-इटरेटर आहे. मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० चिन्हांचा असतो, लांब झाला तर प्रत्येक तुकडा ६७ चा. मजकूर लिहिणाऱ्याला हे आधी सांगा, बिल आल्यावर नको.

सातवी तपासणी: डेटाबेसमध्ये नक्की काय पडलंय

इथून पुढे हात जपून. वाचायला काहीच हरकत नाही, लिहायला आहे.

मायएसक्यूएलमध्ये संशयित रकान्यावर ‘हेक्स’ फंक्शन चालवा, ते आतले बाइट सोळाच्या अंकपद्धतीत दाखवतं. ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होत असेल तर बाइट बरोबर आहेत. सी३ए०सी२ए४ ने सुरू होत असेल तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, परत येईल. नुसते ३एफ, ३एफ, ३एफ दिसले तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत आणि त्या टेबलात मराठी उरलेलं नाही. टूलच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका, टूलचं स्वतःचं कनेक्शनही चुकीचं असू शकतं. हेक्स खोटं बोलत नाही.

‘यूटीएफ-८-एमबी-४ करा’ हा सल्ला सगळे देतात. करा, इमोजीला चार बाइट लागतात म्हणून ते हवंच. पण मायएसक्यूएलचा जुना तीन बाइटांचा यूटीएफ-८ देवनागरीला पुरतो; मराठीची प्रश्नचिन्हं त्याच्यामुळे येत नाहीत. येतात ती लॅटिन-१ टेबलामुळे किंवा लॅटिन-१ कनेक्शनमुळे. आवृत्ती ८.० च्या आधी लॅटिन-१ हेच ठरलेलं होतं, म्हणून जुन्या सर्व्हरवर ते अजून भेटतं. ‘शो व्हेरिएबल्स’ करून कॅरेक्टर सेटच्या सगळ्या ओळी बघा. टेबल, रकाना, कनेक्शन हे तिन्ही वेगळे असू शकतात. एसक्यूएल सर्व्हरवर रकाना एनव्हारकॅर हवा आणि कोडमध्ये मजकुराआधी मोठा ‘एन’ हवा. तो नसला तर रकाना बरोबर असूनही प्रश्नचिन्हंच पडतात. सर्व्हरवर जावा असेल तर आवृत्ती विचारा: १८ पासून ठरलेलं एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे, त्याआधी ते यंत्रावर अवलंबून. म्हणूनच लॅपटॉपवर चालणारं सर्व्हरवर बिघडतं.

आधी नवं बिघडणं थांबवा, मग जुनं दुरुस्त करा. उलट केलंत तर टेबलात अर्धा डेटा एका रूपात, अर्धा दुसऱ्या रूपात राहतो आणि एका आदेशाने दोन्ही सुधारत नाहीत.

आठवी तपासणी: जुन्या फॉन्टची फाइल

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी या फॉन्टांत टाइप केलेली फाइल म्हणजे रोमन अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा. फॉन्ट काढला की खाली रोमन. एन्कोडिंग कितीही बदला, काही होणार नाही, कारण आत देवनागरी कधी नव्हतीच. त्या त्या फॉन्टचं रूपांतरक लागतं आणि प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांचाही. ज्या डीटीपीवाल्याने फाइल केली त्याला फॉन्टचं नेमकं नाव विचारा; अंदाजाने रूपांतर केलं तर नव्वद टक्के बरोबर दिसतं आणि उरलेल्यात लोकांची आडनावं बदलतात. रूपांतर झाल्यावर र, रफार, पहिली वेलांटी आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ असलेले शब्द वेगळे काढून डोळ्यांनी वाचा. चुका तिथेच साठतात.

कुठे थांबायचं

हेक्समध्ये प्रश्नचिन्हं निघाली आणि टेबल चालू आहे: कोड बदलत बसू नका. डेटाबेस सांभाळणाऱ्याला फोन करा आणि कोणत्या तारखेचा बॅकअप आहे ते विचारा. बॅकअप जुना होत जातो आणि त्यावर नवा लिहिला जातो, म्हणून हा फोन आजच.

रकाना लॅटिन-१ म्हणतो पण हेक्स ई०ए४ दाखवतं: जुनं ॲप आणि जुना डेटाबेस दोघंही एकाच चुकीवर एकमेकांना सांभाळून घेत होते. इथे ‘कन्व्हर्ट टू’ चालवलंत तर चांगले बाइट दोनदा एन्कोड होतात. रकाना आधी बायनरी करून मग यूटीएफ-८-एमबी-४ करायचा असतो, तोही बॅकअपवर तालीम करून. हे काम ज्याने आधी केलंय त्यालाच द्या.

फाइलीत एकाहून जास्त जुने फॉन्ट मिसळलेले आहेत, किंवा पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर फुटलेला येतो आणि मूळ फाइल नाही: रूपांतराचे प्रयोग एका दिवसात आटोपले नाहीत तर थांबा. पानं छापून अनुभवी टायपिस्टकडून पुन्हा टाइप करून घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

आणि यादी मालमत्तेची, मतदारांची, रुग्णांची किंवा पैशांच्या देण्याघेण्याची असेल तर कोणतीही आपोआप दुरुस्ती थेट चालवू नका. मूळ रकाना तसाच ठेवा, दुरुस्त मजकूर शेजारच्या नव्या रकान्यात लिहा, आणि ज्याच्या सहीने ती यादी निघाली त्याने दोन्ही रकाने समोर ठेवून तपासल्यावरच जुना काढा.